कंट्रोलचा वास

"तू काय लावलंयस रे?"

देवयानी मुळगुंदचा हात टेबलावर उताणा होता, दंडाला रबरी पट्टी आणि कोपरात सुई. संस्थेच्या दवाखान्यातल्या सिस्टर तिचं रक्त काढत होत्या. ते रक्त ज्याला हवं होतं तो मी, रिकाम्या नळ्या हातात धरून शेजारी उभा होतो.

"काय लावलंय म्हणजे?"

"तेच विचारतेय की मी. मोगरा आहे नव्हे?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

"नेहमीचं कुठलं! तीन आठवडे झाले लावतोयस. त्याआधी तुला कसलाच वास नव्हता." मग सिस्टरांकडे बघत, जरा हळू, "वाईट नाही म्हणा."

सिस्टर गालातल्या गालात हसल्या. "मूठ सोडा आता," म्हणाल्या. देवयानीने मूठ सोडली. माझ्या हातातली एक नळी सुटून टेबलाखाली गेली आणि ती शोधण्याच्या निमित्ताने मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ खाली राहिलो.

*

दुरुस्ती. प्रयोगशाळेच्या वहीत काही खोडायचं नसतं. चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. या गोष्टीला चौदा वर्षं झाली तरी ती सवय गेलेली नाही. तेव्हा 'नेहमीचंच' या शब्दावर रेघ. मी काहीही लावलं नव्हतं. आयुष्यात कधी लावलेलं नाही, कारण मला वासच येत नाही. (सही: परिमल घोसाळकर)

नऊ वर्षांचा असताना चिपळूणला मामाच्या आंब्यावरून डोक्यावर पडलो. टाके पडले, डोकं सांधलं, वास मात्र जो गेला तो गेला. माझं नाव तोवर शाळेच्या दाखल्यावर चढलेलं होतं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. आंधळ्याला लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. वास न येणाऱ्याच्या नाकाशी मोजे धरतात आणि हसतात. शाळेत ते पुरेसं झालं होतं. म्हणून पुण्याला आल्यावर मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

आणि नेमकं त्यामुळेच मला पीएच.डी.ला जागा मिळाली.

निवडीच्या दिवशी डॉ. खांडेपारकर मॅडमनी आम्हा चौघांना एका खोलीत बसवलं, एक छोटी बाटली उघडून मध्ये ठेवली आणि वीस मिनिटं विषय समजावत राहिल्या. पहिला मुलगा पाच मिनिटांत रुमाल शोधायला लागला. दुसरी "एक फोन आहे" म्हणून गेली ती आलीच नाही. तिसरा खिडकीपाशी जाऊन पुण्याच्या हवेचं कौतुक करू लागला. मी पुढे वाकून टिपणं घेत होतो. मॅडम बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या, "इंडोलपुढे एवढ्या निष्ठेने बसलेला विद्यार्थी मी पहिल्यांदा पाहिला."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

*

इंडोल काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी यांतून आपल्या पोटात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल जातं. काही आपण वापरतो, काही आतड्यातले जिवाणू खातात आणि त्याचं इंडोल करतात. आता आतडं ही भांडखोर वस्ती. एकीकडे अब्जावधी जिवाणू, दुसरीकडे त्यांना खायला टपलेल्या पांढऱ्या पेशी. रोज मारामाऱ्या व्हायला हव्यात. होत नाहीत, कारण इंडोल आणि त्याची भावंडं पेशींमध्ये शिरून एका विशिष्ट रिसेप्टरला चिकटतात आणि पेशी दमाने घेतात. ज्यांच्या आतड्यात हे बिनसतं त्यांना कायमचा दाह, कायमची पोटदुखी. इंडोलचा नेमका किती डोस पेशीला शांत करतो, हा माझा विषय.

प्रयोग असा. देवयानीच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. (देवयानी माझ्यानंतर एक वर्षाने लॅबमध्ये आलेली, बेळगावची. आम्ही सगळेच एकमेकांना रक्त द्यायचो, पण तिची शीर पटकन सापडायची.) पेशी दोन प्लेटमध्ये घालायच्या, दोन्हींत मेलेल्या जिवाणूंच्या सालीचा अर्क टाकून त्यांना चिडवायचं. एका प्लेटमध्ये इंडोल, दुसरीत नाही; मग दोन्ही रात्रभर इनक्यूबेटरमध्ये, म्हणजे उबदार कपाटात. ही दुसरी म्हणजे कंट्रोल: जिला काहीही लावलेलं नाही. तिच्यातल्या पेशी भडकायलाच हव्यात. भडकल्या की एक प्रथिन सोडतात, ते मोजायचं. कंट्रोल नऊशे, इंडोलवाली तीनशे, असे आकडे मला चार वर्षं येत होते.

आणि गेले तीन आठवडे:

कंट्रोल ३२०. इंडोल ३००.
कंट्रोल ३४०. इंडोल ३१०.
कंट्रोल २९५. इंडोल ३०५. (इथे पेनाचा डाग. तो रागाचा आहे.)

*

"कंट्रोल म्हणजे काय, परिमल?" त्या सोमवारी मॅडमनी विचारलं. आकड्यांचा कागद त्यांनी दोन बोटांत, ओला रुमाल धरावा तसा धरला होता.

"ज्याला काही लावलेलं नाही तो, मॅडम."

"मग हा का भडकत नाही?"

"अर्क जुना असेल म्हणून नवा मागवला. पेशी मरत असतील म्हणून त्या मोजल्या. जिवंत आहेत. फक्त..."

"फक्त?"

"मजेत आहेत."

मॅडमनी कागद खाली ठेवला. "गुरुवारी तीन वाजता समिती बसतेय. पाचवं वर्ष आहे तुझं. चिडवलेल्या आणि शांत केलेल्या पेशींत फरकच नसेल तर तुझ्याकडे प्रबंध नाही, नुसती पेशींच्या तब्येतीची चौकशी आहे. समिती विषय बंद करेल. मी वाचवू शकणार नाही."

बाहेर पडताना त्यांनी हाक मारली. "आणि हौसाताईंना सांग, गजरा घालून आत येऊ नका. सबंध लॅब घमघमतेय."

मी बरं म्हणालो. हौसाताईंच्या डोक्यात गजरा होता की नाही हे बघायचंही मला सुचलं नाही. माझ्या दृष्टीने एकच उरलं होतं: दोष देवयानीच्या रक्तात असणार.

"तू गोळ्या घेतेस का कसल्या? दुखण्यावरच्या?"

"नाही."

"हळद वगैरे? दुधातून?"

"तुला झालंय काय?"

"तुझ्या पेशी भडकत नाहीत. मी वाट्टेल ते करून बघितलं."

देवयानीने हातातलं काम थांबवलं. "हे एकदा माझ्या आईला फोन करून सांगशील काय? ती म्हणते, मी उठल्यापासून झोपेपर्यंत भडकलेलीच असते."

"मी गंभीर आहे."

"मी पण. तुझ्यासमोर भडकत नसतील, तर तो पेशींचा दोष काय रे?" असं म्हणून ती निघून गेली. या वाक्यात काहीतरी आहे असं मला वाटलं. मी ते वहीत टिपूनही ठेवलं, 'दाता: प्रतिसाद संदिग्ध' म्हणून.

*

मंगळवारी दुपारी मेसमध्ये ताट घेऊन बसलो, तर समोरची दोन पोरं ताटं उचलून पलीकडच्या टेबलावर गेली. मग शेजारचा गेला. वाढायला आलेले बागवेकाका आमटीचा डाव हवेतच धरून थांबले.

"घोसाळकर, पाय वर करा."

"काय?"

"पाय. तळवा दाखवा."

मी बूट वर केला. काकांनी खाली वाकून निरखला, दुसराही बघितला. "स्वच्छ आहे," ते चक्रावून म्हणाले. "मग ड्रेनेज फुटलं की काय?" आणि आमटी न वाढताच मोरीकडे धावले.

काल देवयानी मोगरा म्हणते, आज काका ड्रेनेज म्हणतात. दोघांनी मिळून माझी फिरकी घेतली असावी, असा निष्कर्ष मी काढला. माणसाला एक इंद्रिय कमी असलं की तो बाकीच्यांवर फार लवकर कट केल्याचा आरोप करतो.

*

बुधवार. दुपारचे तीन.

वापरलेल्या प्लेटा निर्जंतुक करून टाकायचं काम हौसाताईंचं. फलटणकडच्या. लॅबमध्ये त्यांना बावीस वर्षं झालेली. माझ्या प्लेटांची चळत त्यांनी ट्रेमध्ये घेतली आणि सहज म्हणाल्या, "आज कंट्रोलचा वास जरा कमीच हाय, दादा."

मी कपाळ धरून बसलो होतो. तसाच बसून म्हणालो, "ताई, मॅडम म्हणाल्या गजरा घालू नका."

"गजरा? मी? आवं, माझं माहेर फुलवाल्याचं. लहानपणी इतकं गजरं वळलं की आता फुलाकडं बघू वाटत न्हाई."

"बरं."

आणि मग, टेबलाखाली घरंगळलेली नळी आठवड्याने अचानक पायाला लागावी तसं, ते आधीचं वाक्य मला लागलं.

"ताई, कंट्रोलचा वास म्हणजे?"

"ह्यो." त्यांनी वरची प्लेट नाकाशी नेली. झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: कंट्रोल. "कंट्रोलचा."

"कंट्रोलला वास येतो?"

"येनारच की. कंट्रोलचा माल हाय न्हवं?"

"कुठला माल?"

"आता बगा!" त्यांनी ट्रे खाली ठेवला. "तुमच्या घरात रेशन कार्ड न्हवतं का? कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलचा गहू. वास असायचाच त्येला. दोनदा धुवून घ्यायचा. म्या म्हनलं, सायबांनी कंट्रोलच्या पेशी आनल्या आसतील, स्वस्तातल्या. कशाला मानसाला लाजवायचं? म्हनून बोलले न्हाई."

मी उभा राहिलो. "कधीपासून येतोय?"

"तीन आठवडं झालं की."

"कसला वास?"

"मोगऱ्याचा. पर आमच्या बाचा मोगरा होता, म्हनून सांगते, मोगरा लांबूनच चांगला. वंजळभर फुलं नाकाला लावून बगा, संडासात उभं ऱ्हायल्यागत होतं. त्योच वास, जवळ लई झाला की घान, लांब थोडा झाला की देवघर." मग त्या थेट आमच्या इनक्यूबेटरपाशी गेल्या, दार उघडलं आणि हात आत दाखवला. "आनि तुमचं देवघर हितं हाय."

*

दुरुस्ती. वर मी देवयानीला म्हणालो आहे की मी वाट्टेल ते करून बघितलं. त्यावर रेघ.

लॅबमध्ये दोन इनक्यूबेटर होते. इंडोलच्या प्लेटा एकात, कंट्रोल दुसऱ्यात. तीन आठवड्यांपूर्वी दुसरा बिघडला. दुरुस्तीवाला 'उद्या येतो' म्हणाला आणि मी दोन्ही प्लेटा एकाच इनक्यूबेटरमध्ये, खालीवर ठेवू लागलो. इंडोल उडून जातं हे पुस्तकात मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण नाक असलेल्या कुठल्याही माणसाला दार उघडताच कळलं असतं की आतली हवाच इंडोल झाली आहे. कंट्रोलला मी काही लावलं नव्हतं. हवेने लावलं होतं. पेशींना, प्लेटांना, माझ्या पांढऱ्या कोटाला. आणि मंगळवारी बाटलीतला एक थेंब बुटावर पडला होता, तेवढ्यावर बागवेकाकांनी मोरी उपसली.

मॅडमना वाटलं हौसाताईंचा गजरा. हौसाताईंना वाटलं रेशन. देवयानीला वाटलं... (सही)

*

"मला पुन्हा रक्त हवंय."

"सोमवारीच दिलं की."

"आत्ता. उद्या तीनच्या आत आकडे हवेत. खालच्या लॅबचा इनक्यूबेटर मिळतोय, या वेळी कंट्रोल तिथे ठेवतो."

देवयानी पेनाचं टोपण चावत बघत राहिली. "आज लावलं नाहीस ते?"

"देवयानी, ते अत्तर नव्हतं."

"मग?"

"इंडोल."

टोपण तोंडातून खाली आलं. "म्हणजे ते... जे..."

"मोगऱ्यात असतं," मी घाईने म्हणालो. आणि मग, त्या दिवशी खोटं बोलायचा कंटाळा आला होता म्हणून, "विष्ठेतही असतं."

ती खुर्चीसकट वीतभर मागे सरकली.

"आणि तुला हे तीन आठवडे कळलं नाही?"

"मला वास येत नाही. कधीच. नऊ वर्षांचा असल्यापासून."

"मी आईला सांगितलं रे!" तिने कपाळावर हात मारला. "म्हटलं, लॅबमध्ये एक जण आहे, बोलत काही नाही, पण रोज मोगऱ्याचं अत्तर लावून येतो. आई म्हणाली, चांगल्या घरचा दिसतो."

मी रिकाम्या नळ्यांवर तारीख घालायला लागलो.

तिने बाही वर केली. "सिस्टरना बोलव. आणि ऐक. नुसतं खालच्या लॅबच्या इनक्यूबेटरमध्ये ठेवून भागणार नाही. समिती म्हणेल, यंत्र बदललं म्हणून आकडा बदलला. खाली एकाच यंत्रात दोन बंद डबे ठेव. दोन्हींत कंट्रोल. एका डब्यात प्लेटशेजारी इंडोलची उघडी वाटी, दुसऱ्यात नुसती हवा."

"घट्ट झाकणाचे डबे आत्ता कुठून आणू?"

ती उठली आणि पिशवीतून स्वतःचे जेवणाचे दोन डबे काढून माझ्यापुढे ठेवले. एकात अजून भाकरीचा तुकडा होता. तो तिने खाल्ला. "आईने दिलेत," तोंडात घास असतानाच म्हणाली. "परत मिळणार नाहीत हे कळतंय मला."

*

समितीत तिघे होते: मॅडम, आमच्याच संस्थेतले एक सर, जे प्रत्येक सादरीकरणात डोळे मिटून ऐकायचे, आणि बाहेरून आलेले वृद्ध डॉ. इनामदार. पडद्यावर मी एकच चित्र ठेवलं होतं. जेवणाचे दोन डबे.

"नुसती हवा असलेल्या डब्यातला कंट्रोल, नऊशे दहा," मी म्हणालो. "इंडोलची वाटी शेजारी ठेवलेल्या डब्यातला कंट्रोल, तीनशे वीस. या पेशींना इंडोलचा एक थेंबही दिलेला नाही. फक्त वाफ."

डोळे मिटलेल्या सरांनी एक डोळा उघडला.

"म्हणजे तीन आठवडे तुझा कंट्रोल वाफ खात होता," डॉ. इनामदार म्हणाले. "पण इंडोलचा वास तर मैलभरावरून येतो. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

हाच प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. उत्तर म्हणून सर्दीचं सोंग मी वाटेत तयार केलं होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. दाराच्या काचेतून देवयानी.

"मला वास येत नाही, सर. लहानपणापासून. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. निवडीच्या वेळीही नाही."

मॅडमचा चष्मा हळूहळू नाकावरून खाली आला. "म्हणजे त्या दिवशी बाटलीपुढे वीस मिनिटं... ती निष्ठा नव्हती?"

"नाही मॅडम. आंब्याचं झाड होतं."

मग डॉ. इनामदारांचा खांदा हलायला लागला. आधी मला वाटलं खोकला आहे. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. "अहो खांडेपारकर," ते कसेबसे म्हणाले, "पोराला जे कळलं नाही ते त्याच्या पेशींना कळलं! एवढ्याशा वाफेने दाह उतरतो, म्हणजे डोस किती कमी लागतो बघा. हा विषय बंद कसा करायचा? यात एक प्रकरण वाढवा."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "वाढवेल तो. पण यापुढे त्याच्या इनक्यूबेटरचं दार दुसरं कुणीतरी उघडून हुंगेल. रोज. सही करून."

"मी," दार किलकिलं करून देवयानी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

*

बाहेर व्हरांड्यात हौसाताई आमची वाट बघत उभ्या होत्या. "पास का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग त्यो कंट्रोल बदला आता," म्हणाल्या. "चांगल्या दुकानातनं आना."

त्या गेल्या. कोट मी आदल्या दिवशीच धुवायला टाकला होता, बूटही बदलले होते. देवयानी जरा जवळ आली, माझ्या खांद्यापाशी नाक नेऊन एकदा आणि मग खात्रीसाठी पुन्हा एकदा हुंगलं. मी श्वास धरून उभा राहिलो, जणू आवाज झाला तर आकडा बदलेल.

"कसला येतोय?"

"कसलाच नाही. काहीसुद्धा लावलेलं नाहीस आज. आता तू खरा कंट्रोल."

"सॉरी," मी म्हणालो. "डबे गेले, दोनदा रक्त गेलं, आईला जे सांगितलंस ते..."

"तेच म्हणतेय मी. माझे डबे गेले, मी तोंडघशी पडले, मोगरापण नाही आता." तिने हाताची घडी घातली. "तरी मी भडकत का नाहीये? शोधून काढ की."

दुरुस्ती: 'दाता: प्रतिसाद संदिग्ध' यावर रेघ. कारण मात्र अजून सापडलेलं नाही. प्रयोग घरी चालू आहे. इनक्यूबेटरचं दार अजून तीच हुंगते, आता ते फ्रीजचं असतं, आणि सही करते.